ॲक्शन शूटिंगच्या स्पर्धेसाठी रिव्हॉल्व्हर कसे निवडावे

रिव्हॉल्व्हर घ्यायला निघालेला नेमबाज बहुतेकदा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी कंपनी ठरते, मग नळीची लांबी, मग रंगरूप. काडतुसे कशी भरायची हा प्रश्न शेवटी येतो, तोही पहिल्या मॅचमध्ये पट्ट्यावरचा स्पीडलोडर (सगळी काडतुसे एकदम भरायचे साधन) चाचपडताना. ॲक्शन शूटिंगमध्ये, म्हणजे घड्याळ लावून झटपट लक्ष्ये टिपायच्या खेळात, सेकंद मोजले जातात आणि रिव्हॉल्व्हरवाल्याचे सर्वाधिक सेकंद रीलोडमध्ये जातात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी खेळ आणि त्यातले डिव्हिजन (हत्याराच्या प्रकारानुसारचा गट), मग भरण्याची पद्धत, त्यावरून काडतूस, आणि त्यानंतर फ्रेम (सांगाडा), नळी, ग्रिप (मूठ), साइट (नेम धरायची खूण). कंपनीचे नाव या क्रमात आपोआप ठरते.

परवाना, हत्याराची ने-आण आणि साठवण यांचे नियम जागोजागी वेगळे असतात. ते आधी पाहा. आवडलेले हत्यार परवान्याच्या चौकटीत बसत नसेल तर पुढचे सगळे वाचन वाया जाते.

पहिली पायरी: कोणत्या नियमपुस्तिकेखाली खेळणार?

आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना (स्थापना १९७६) आणि अमेरिकेतली संघटना यूएसपीएसए यांच्या स्टेज, म्हणजे स्पर्धेतल्या एकेका फेरीच्या मांडण्या, लांबलचक असतात. लाँग कोर्सला, म्हणजे सर्वांत मोठ्या स्टेजला, ३२ गोळ्यांपर्यंत मजल जाते. यूएसपीएसएमध्ये एका जागेवरून जास्तीत जास्त आठ हिट मागता येतात, आयपीएससीत नऊ. हा आकडा रिव्हॉल्व्हरवाल्याने पाठ करून ठेवावा, कारण सहा गोळ्यांचे हत्यार घेऊन आठ हिटच्या जागी उभे राहिलात की जागच्या जागी रीलोड करावाच लागतो. चालता चालता केलेला रीलोड जवळजवळ फुकट पडतो. उभ्याने केलेला रीलोड सरावलेल्या हातालासुद्धा दोन-तीन सेकंदांना पडतो.

दुसऱ्या बाजूला गुण आहेत. पॉवर फॅक्टर म्हणजे काडतुसाच्या जोराचे माप (सूत्र तिसऱ्या पायरीत): जास्त असेल तर मेजर, कमी असेल तर मायनर. मेजर पॉवर फॅक्टरला लक्ष्याच्या मधल्या ए झोनचे ५, सीचे ४, डीचे २ गुण. मायनरला ५, ३, १. सहापेक्षा जास्त गोळ्यांचा फायदा घ्यायचा तर गुण मायनरने मोजले जातात. म्हणजे सौदा असा: सहा गोळ्या आणि कडेच्या हिटला चांगले गुण, की आठ गोळ्या, कमी रीलोड आणि ए झोनबाहेर गेल्यास जास्त दंड. गेल्या काही वर्षांत बहुतेकांनी आठ गोळ्यांची बाजू घेतली आहे आणि त्यांचे बरोबर आहे. मायनरचा धक्का कमी असतो, त्यामुळे ए झोन राखणेही सोपे जाते. सहा गोळ्यांच्या मेजरमध्ये आज उतरायचे तर त्या हत्याराचे प्रेम हेच कारण असावे.

आयकोर ही फक्त रिव्हॉल्व्हरचीच संघटना. पॉवर फॅक्टर १२० पुरतो. गुणांऐवजी एकूण वेळ धरतात आणि बी झोनला एक, सी झोनला दोन सेकंद वाढवतात. ओपन, लिमिटेड, लिमिटेड सिक्स आणि क्लासिक अशी डिव्हिजन आहेत. ओपनमध्ये रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) चालतो, लिमिटेडमध्ये साध्या साइटसह आठ गोळ्या, लिमिटेड सिक्समध्ये सहा गोळ्या पण मून क्लिप (काडतुसे एकत्र धरणारी चकती) चालते, आणि क्लासिकमध्ये सहा गोळ्या, मून क्लिप बंद, फक्त स्पीडलोडर. घरात आधीपासून .३५७ काडतुसाचे सहा गोळ्यांचे साधे रिव्हॉल्व्हर पडलेले असेल तर क्लासिक हा सर्वांत स्वस्त प्रवेश.

आयडीपीए या संघटनेत (स्थापना १९९६) नळी सव्वाचार इंचांच्या आत लागते आणि सिलिंडरमध्ये (काडतुसांच्या फिरत्या नळकांड्यात) सहाच गोळ्या. स्पीडलोडरवाल्यांना पॉवर फॅक्टर १०५ पुरतो, मून क्लिपवाल्यांना १५५ लागतो. इथे साडेसहा इंची स्पर्धेचे हत्यार दारातच अडते.

स्टील चॅलेंज या पोलादी प्लेटवरच्या खेळाचे गणित निराळे. प्रत्येक स्ट्रिंगला (एका दमात मारायच्या फेरीला) पाच प्लेट, शेवटची घड्याळ थांबवणारी स्टॉप प्लेट. सहा गोळ्यांच्या हत्यारात चुकीला एकच जागा, आठच्या हत्यारात तीन. रीलोड जवळपास नसल्यामुळे इथे ट्रिगर आणि साइट यांचाच खेळ चालतो. साध्या साइटच्या आणि ऑप्टिकच्या (रेड डॉटसारख्या साइटच्या) रिव्हॉल्व्हरला वेगवेगळी डिव्हिजन आहेत.

१९७९ मध्ये सुरू झालेल्या बियांकी कपच्या पठडीतल्या ॲक्शन पिस्तूल स्पर्धेत स्ट्रिंग सहा गोळ्यांच्या आत बसतात. प्लेटच्या स्पर्धेत १०, १५, २० आणि २५ यार्डांवरून सहा प्लेटना अनुक्रमे ६, ७, ८ आणि ९ सेकंद मिळतात. तिथे रिव्हॉल्व्हर मागे पडायचे कारण नाही, पण अचूकता मात्र अव्वल लागते.

काउबॉय ॲक्शनचा संसार वेगळाच. एसएएसएस या संघटनेच्या नियमांत सिंगल ॲक्शन (दर गोळीआधी हॅमर हाताने मागे ओढावा लागणारी) रिव्हॉल्व्हर दोन लागतात, प्रत्येकात पाचच गोळ्या भरतात आणि हॅमर (काडतुसावर आपटणारा घोडा) रिकाम्या चेंबरवर (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या खणावर) टेकवतात. किमान पॉवर फॅक्टर ६०, वेग १००० फूट प्रति सेकंदांच्या आत. त्यासाठी एकाच मॉडेलची जोडी आणि .३८ स्पेशलची हलकी काडतुसे घ्या. या लेखाचा पुढचा भाग डबल ॲक्शनबद्दल, म्हणजे ट्रिगर ओढला की हॅमर आपोआप मागे जाऊन सुटणाऱ्या हत्यारांबद्दल, आहे.

खरेदीच्या आधी चालू वर्षाची नियमपुस्तिका उघडून त्या डिव्हिजनचे पान वाचा. ऑप्टिक, कॉम्पेन्सेटर (नळीच्या टोकाशी बसवलेले, धक्का कमी करणारे साधन), नळीची लांबी आणि गोळ्यांची संख्या हे चार नियम वरचेवर बदलतात.

दुसरी पायरी: मून क्लिप की स्पीडलोडर

मून क्लिप म्हणजे पातळ पोलादी चकती. तिच्या खाचांत काडतुसे मागच्या कडेने अडकवतात आणि सगळी एकदम सिलिंडरमध्ये सोडतात. रिकाम्या पुंगळ्यासुद्धा चकतीसकट एकदम बाहेर येतात. स्पीडलोडर काडतुसे सोडून रिकामा परत येतो आणि पुंगळ्या सुट्या राहतात. सुट्या पुंगळीचा सर्वांत वाईट प्रकार म्हणजे ती एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या मागे ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली जाऊन बसते. मग चांदणी खाली येत नाही, पुंगळी निघत नाही आणि स्टेज तिथेच संपते. इजेक्टर रॉड (ती चांदणी ढकलणारा दांडा) अर्धवट दाबला किंवा नळी जमिनीकडे असताना दाबला की हे हमखास घडते. नळी आकाशाकडे, तळहाताने एक जोरकस फटका, ही सवय स्पीडलोडरवाल्याला पहिल्या दिवसापासून लागते. मून क्लिपमध्ये हा प्रकार होऊच शकत नाही.

किती फरक पडतो? सहा गोळ्या, रीलोड आणि पुन्हा सहा गोळ्या हा अमेरिकी नेमबाज जेरी मिक्युलेक यांचा १९९९ चा विक्रम २.९९ सेकंदांचा आहे. तो .४५ एसीपी काडतुसाच्या स्मिथ अँड वेसन ६२५ ने आणि मून क्लिपनेच झाला.

नियम परवानगी देत असतील तर मून क्लिपच घ्या. मात्र तिचे लाड करावे लागतात. क्लिपची जाडी पुंगळीच्या खाचेला जुळावी लागते. .३८ आणि .३५७ साठी साधारण ०.०२० ते ०.०२५ इंच, .४५ एसीपीसाठी ०.०३५ ते ०.०४० इंचांच्या आसपास. पुंगळ्या बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची खाच थोडी वेगळी असते. क्लिप पातळ पडली की काडतुसे डुलतात आणि आठही टोके आठ दिशांना पाहतात. जाड पडली की काडतूस बसवताना क्लिप वाकते. पुंगळ्यांचा एकच ब्रँड निवडा, त्याला जुळणारी क्लिप घ्या आणि मिसळ करू नका.

वाकलेली क्लिप डोळ्यांना सहज दिसत नाही. रिकामी क्लिप काचेवर ठेवून एक कडा बोटाने दाबा. दुसरी कडा उचलली गेली तर ती सरावाच्या डब्यात टाका, मॅचच्या नाही. रेंजवर परवानगी असेल तिथे, हत्यार सुरक्षित दिशेला धरून, भरलेली क्लिप सिलिंडरमध्ये टाकून सिलिंडर बंद करा आणि हाताने सावकाश पूर्ण फेरा फिरवा. कुठे घासल्यासारखे लागले तर क्लिप वाकलेली आहे किंवा एखादा प्रायमर (काडतुसाच्या तळाची पेटवणारी टोपी) वर राहिला आहे. मॅचच्या प्रत्येक क्लिपची ही तपासणी व्हायलाच हवी.

किती क्लिप लागतील? ३२ गोळ्यांच्या स्टेजला आठच्या हत्याराने नेमके चार भरणे होतात. चुका आणि प्लेटवरच्या जादा गोळ्या धरून पट्ट्यावर सहा-सात ठेवा. सहाच्या हत्याराने किमान सहा, म्हणून पट्ट्यावर आठ. दिवसभरात २०० गोळ्या जाणार असतील तर आठच्या क्लिप २५ झाल्या, आणि दहा शिल्लक असाव्यात. क्लिपमधून रिकाम्या पुंगळ्या काढायचे अवजार आणि त्यात काडतुसे भरायचे यंत्र सोबतच घ्या. पक्कडीने पुंगळ्या उपटणारा माणूस महिन्याभरात निम्म्या क्लिप वाकवतो.

स्पीडलोडरच्या डिव्हिजनमध्ये खेळणार असाल तर मूठ फिरवावी लागणाऱ्यापेक्षा पुढे ढकलले की सुटणारा प्रकार वेगवान. सफारीलँडचे कॉम्प मालिकेतले लोडर त्या जातीचे. तो लोडर डाव्या बाजूच्या ग्रिपला अडतो का, हे दुकानातच डमी काडतुसांनी पाहा. अडत असेल तर ग्रिप तासावी किंवा बदलावी लागेल.

तिसरी पायरी: काडतूस

लहान पुंगळी लवकर आत जाते आणि लवकर बाहेर पडते. .३५७ मॅग्नमची पुंगळी जवळजवळ ३३ मिमी, .३८ स्पेशलची २९, .४५ एसीपीची २३ आणि ९ मिमीची १९ मिमी. यावरूनच स्पर्धेतली चलती कळते.

.४५ एसीपी आखूड आणि जाड. गोल नाकाची २३० ग्रेनची (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचे माप) बुलेट चेंबरच्या तोंडाशी आली की आपोआप आत घसरते. मेजरसाठी हीच. मात्र जाडीमुळे सिलिंडरमध्ये सहाच मावतात.

९ मिमीचा फायदा म्हणजे काडतूस सगळीकडे मिळते आणि सिलिंडरमध्ये आठ बसतात. पुंगळी निमुळती असल्याने मून क्लिपमध्ये काडतुसे बाहेरच्या बाजूला किंचित फाकतात. १४७ ते १६० ग्रेनच्या लांब, गोल नाकाच्या बुलेटने भरणे सोपे होते. तोंड सपाट असलेल्या बुलेट चेंबरच्या कडेला अडखळतात.

.३८ शॉर्ट कोल्ट हा जाणकारांचा आवडता मार्ग. .३५७ च्या आठ गोळ्यांच्या हत्यारात ही साधारण १९ मिमीची सरळ पुंगळी मून क्लिपमध्ये वापरतात. भरणे ९ मिमीइतके सोपे, निमुळतेपणाची कटकट नाही. पण बाजारातली तयार काडतुसे हलकी असतात आणि पॉवर फॅक्टरला पुरत नाहीत, म्हणून स्वतः काडतुसे तयार करणाऱ्यांसाठीच हा पर्याय. अशी वाढीव दाबाची काडतुसे जुन्या .३८ शॉर्ट कोल्टच्या हत्यारात जाता कामा नयेत, ती हत्यारे तेवढा दाब सोसत नाहीत. शिवाय आखूड पुंगळीपुढे चेंबरमध्ये काजळीचे कडे साचते. नंतर .३५७ ची लांब काडतुसे घालण्याआधी ते ब्रशने काढा.

पॉवर फॅक्टर म्हणजे ग्रेनमधले बुलेटचे वजन गुणिले फूट प्रति सेकंदातला वेग, भागिले १०००. मायनरला १२५ लागतात. मेजरला यूएसपीएसएत १६५, आयपीएससीत १७०. काठावर खेळू नका. १६० ग्रेनला ८१५ फुटांचा वेग ठेवलात तर १३०.४ येतात, २३० ग्रेनला ७६० ठेवलात तर १७४.८. वेग आपल्याच हत्यारातून क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) मोजा. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू निसटतो, त्यामुळे पिस्तुलातून मोजलेला आकडा इथे लागू पडत नाही. एकाच मॉडेलच्या दोन रिव्हॉल्व्हरमध्येही फरक निघतो.

चौथी पायरी: फ्रेम आणि मॉडेल

स्मिथ अँड वेसनच्या के, एल आणि एन या चढत्या आकाराच्या फ्रेम. स्पर्धेत सर्वांत जास्त दिसते ती एन. तिच्यावरची तीन मॉडेल लक्षात ठेवा. ६२५ हे .४५ एसीपी, सहा गोळ्या. ६२७ हे .३५७, आठ गोळ्या. ९२९ हे ९ मिमी, आठ गोळ्या, साडेसहा इंची नळी, टायटॅनियमचा सिलिंडर आणि काढता येणारा कॉम्पेन्सेटर. साध्या साइटच्या डिव्हिजनमध्ये कॉम्पेन्सेटर काढूनच खेळावे लागते.

सिलिंडरच्या वजनाकडे लोक दुर्लक्ष करतात. प्रत्येक ट्रिगरला तो सिलिंडर झटक्याने फिरतो आणि झटक्याने थांबतो. जड पोलादी सिलिंडर वेगाने चालवला की थांबवणाऱ्या बोल्टवर आणि त्याच्या खाचांवर मार बसतो, खाचांच्या कडा पिचतात. टायटॅनियमचा हलका सिलिंडर इथे फायद्याचा, पण त्याच्या चेंबरला घासकामाची पावडर, सँडपेपर किंवा फिरते ब्रश लावू नका. पृष्ठभाग बिघडला की पुंगळ्या चिकटू लागतात.

सहा गोळ्यांचा सिलिंडर दर ट्रिगरला ६० अंश फिरतो, आठचा ४५. आठच्या हत्यारात फिरणे कमी, पण मोजमापाची चूक खपवून घ्यायची जागाही कमी. म्हणून आठ गोळ्यांचे जुने हत्यार घेताना टायमिंगची (सिलिंडर वेळेवर खाचेत बसतो का याची) तपासणी जास्त कडक करा.

एल फ्रेमचे ६८६ सहा गोळ्यांचे आणि ६८६ प्लस सात गोळ्यांचे. आयकोर क्लासिकसाठी चार किंवा सहा इंची ६८६ हे डोळे मिटून घेण्यासारखे हत्यार आहे. सात गोळ्या मात्र स्पर्धेत ना इकडे ना तिकडे: सहाच्या डिव्हिजनमध्ये जादा, आठच्या डिव्हिजनमध्ये एक कमी.

रुगरचे जीपी १०० दणकट, आणि त्याची ट्रिगरची जुळणी एका तुकड्यात खाली निघते, त्यामुळे साफसफाई सोपी. आठ गोळ्यांचे सुपर जीपी १०० स्पर्धेसाठीच बनवलेले. अडचण इतकीच की क्लिप, होल्स्टर, ग्रिप, स्प्रिंग यांचा बाजार स्मिथभोवती फिरतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला सुटे भाग सहज मिळणे हेच सगळ्यात महत्त्वाचे. कोल्ट पायथन, मनुऱ्हिन एमआर ७३, कोर्थ ही सुंदर हत्यारे आहेत. पण बिघडलेला भाग पुढच्या शनिवारच्या आत मिळेल का, हा प्रश्न विचारून मगच पैसे मोजा.

नळी चार ते साडेसहा इंच. लांब नळीने साइटमधले अंतर वाढते आणि वजन पुढे जाते, प्लेटवर उत्तम. दारा-खिडक्यांतून, वाकून, वळून मारायच्या स्टेजवर पाच इंच सोयीची. वजन १.१ ते १.३ किलो असावे. त्याहून हलके घेतले तर दुसरा शॉट उशिरा मिळतो.

पाचवी पायरी: हाताला बसते का

रिकामे असल्याची खात्री करून हत्यार घट्ट आणि शक्य तितके वर पकडा. ट्रिगरवर बोटाची पहिल्या पेरापर्यंतची घडी पोचली पाहिजे. डबल ॲक्शनला पिस्तुलापेक्षा बोट थोडे जास्त आत लागते. पोचत नसेल तर मागचा लोखंडी कणा झाकणारी जाड ग्रिप काढून कणा उघडा ठेवणारी बारीक ग्रिप बसवा. तरीही पोचत नसेल तर एन सोडून एलकडे या.

ट्रिगरचा पुढचा भाग गुळगुळीत आणि गोलाकार हवा. रेघा ओढलेला रुंद ट्रिगर तासाभराच्या सरावात बोट सोलतो, कारण डबल ॲक्शनमध्ये बोट ट्रिगरवर सरकत असते.

आधार देणाऱ्या हाताचा अंगठा पिस्तुलासारखा पुढे ताणू नका. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून प्रचंड दाबाचा तप्त वायू बाजूला फुटतो आणि तिथे बोट असेल तर ते खोलवर कापते. पिस्तुलावरून येणाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. दोन्ही अंगठे सिलिंडरच्या मागे, एकावर एक. तो अंगठा सिलिंडर उघडायच्या लॅचवर दाबला जाऊन सिलिंडर उघडत नाही ना, हेही पाहा.

साइटच्या बाबतीत एकच आग्रह: पुढची साइट बदलता येणारी असावी. फायबर ऑप्टिकची बारीक काडी आणि मागे सपाट काळी नॉच (खाच) ही जोडी बहुतेकांना जमते. मागच्या साइटचा आणि रेड डॉटच्या बैठकीचा प्रत्येक स्क्रू थ्रेडलॉकरने (सैल न होऊ देणाऱ्या द्रवाने) बसवा.

सहावी पायरी: ट्रिगर आणि प्रायमरचा हिशेब

कारखान्यातून डबल ॲक्शन ट्रिगर साधारण १० ते १२ पौंडांचा येतो. स्पर्धेत ६ ते ८ पौंड चालतात. तिथपर्यंत नेण्याचा सोपा रस्ता म्हणजे हलकी मेनस्प्रिंग (हॅमरला जोर देणारी स्प्रिंग), आणि त्याचीच किंमत मोजावी लागते. हॅमर हळू आपटला की प्रायमर फुटत नाही. हलक्या स्प्रिंगवर खेळणारे बहुतेकजण फेडरल कंपनीचे प्रायमर धरतात, कारण ते मऊ असतात. ते मिळण्याची खात्री नसेल तर ट्रिगर ८ पौंडांच्या खाली नेऊ नका.

प्रायमर पुंगळीच्या तळापेक्षा ०.००३ ते ०.००५ इंच खाली बसलेला हवा. वर राहिला तर सिलिंडर अडकतो. वर राहिलेल्या प्रायमरवर हॅमरचा पहिला फटका प्रायमरला खाली बसवण्यातच खर्च होतो आणि दुसऱ्या फेरीत तीच गोळी फुटते. "दुसऱ्यांदा फुटली" असे दिसले की स्प्रिंगला दोष देण्याआधी प्रायमर तपासा.

रिबाउंड स्प्रिंग ट्रिगर परत आणते. मूळची सुमारे १८ पौंडांची असते, लोक १४-१५ ची बसवतात. त्याहून हलकी बसवली तर घाईत बोट पूर्ण सुटत नाही, ट्रिगर अर्ध्यातून पुन्हा ओढला जातो आणि सिलिंडर भरलेल्या गोळीला ओलांडून पुढे जातो. ट्रिगर हलका, पण परतणे मंद, अशा हत्याराने वेळ वाचत नाही.

स्मिथच्या ग्रिपच्या पुढच्या बाजूला खाली एक लहान स्क्रू असतो, तो मेनस्प्रिंगला ताण देतो. ट्रिगर हलका करायला लोक तो सैल करतात. तो मॅचमध्ये आणखी सैल होत जातो आणि मिसफायर सुरू होतात. तो पूर्ण घट्टच ठेवा, हलकेपणा स्प्रिंग बदलून आणा. हॅमर-ट्रिगरच्या कडा घासणे गनस्मिथवर सोपवा. ती घरी कानस चालवण्याची जागा नव्हे.

सातवी पायरी: वापरलेले हत्यार तपासताना

विक्रेत्याची परवानगी घ्या. सिलिंडर उघडून प्रत्येक चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याचे पाहा. सोबत फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), टॉर्च आणि स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसे) ठेवा.

सिलिंडर बंद करून नळीच्या मागच्या टोकाशी फट मोजा. ०.१५ ते ०.२० मिमी सर्वांत चांगली. ०.१० च्या खाली असेल तर तापल्यावर आणि काजळी साचल्यावर सिलिंडर घासू लागतो, ०.२५ च्या वर असेल तर वेग कमी होतो आणि ठिणग्या उडतात. आता सिलिंडर मागे दाबून एकदा आणि पुढे ओढून एकदा मोजा. दोन्हींतला फरक ०.०५ मिमीपेक्षा फार वर गेला तर शिम (पातळ चकती) घालावी लागेल. दुरुस्ती साधी आहे, पण किमतीत कापून घ्या.

टायमिंगसाठी सिलिंडरला बोटाचा हलका अडथळा द्या आणि हॅमर अगदी सावकाश मागे ओढा. हॅमर अडकण्याआधी सिलिंडर खाचेत "टक्" करून बसला पाहिजे. हे प्रत्येक चेंबरला करा. सहसा एखादेच चेंबर मागे राहते आणि तेवढेच पाहायचे राहून जाते. मग स्नॅप कॅप घालून डबल ॲक्शननेही तेच पाहा. हॅमरचा स्पर (अंगठ्याने ओढायचे टोक) काढून टाकलेला असेल तर हीच एक चाचणी करता येते.

सिलिंडर उघडून फिरवा आणि इजेक्टर रॉडच्या टोकाकडे बघा. टोक वर्तुळ काढत असेल तर रॉड वाकलेला आहे, मग ट्रिगर काही चेंबरवर जड आणि काहींवर हलका लागतो. रॉड सैल असेल तर सिलिंडर उघडतच नाही. स्मिथच्या आजच्या मॉडेलमध्ये त्याला डावे आटे आहेत, नेहमीच्या दिशेने घट्ट करायला गेलात तर तो सुटतो.

नळीचे मागचे तोंड टॉर्चने पाहा. के फ्रेमच्या जुन्या .३५७ मॉडेलमध्ये, उदाहरणार्थ जुन्या १९ आणि ६६ मध्ये, खालच्या बाजूला ते तोंड सपाट छाटलेले असते आणि हलक्या वेगवान मॅग्नम काडतुसांनी तिथेच तडा जातो. तडा दिसला की हत्यार खाली ठेवा. याउलट फ्रेमच्या वरच्या पट्टीवर वायूने पडलेली बारीक रेघ बहुधा एका मर्यादेवर थांबते, तिचा बाऊ नको.

चेंबरचे पुढचे तोंड किती मोठे आहे हे बुलेटनेच पाहता येते. वापरणार ती सुटी बुलेट पुढून घाला. बोटाच्या दाबाने सरकून गेली तर ठीक, खळकन पडली तर तोंड मोठे, ढकलूनही गेली नाही तर लहान. सगळी चेंबर एकसारखी लागली पाहिजेत.

चेंबरच्या मागच्या कडांना हलका उतार दिलेला असेल तर भरणे जलद होते. पण एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीवर कोणी हौसेने जास्त घासलेले असेल तर पुंगळीला पकड राहत नाही.

आठवी पायरी: मॅचआधीची परीक्षा

ज्या काडतुसाने मॅच खेळायची, त्याच काडतुसाच्या किमान २०० गोळ्या डबल ॲक्शनने चालवा, मध्ये साफसफाई न करता. एकही मिसफायर नको. झाला तर मेनस्प्रिंग एक पायरी जड करा आणि २०० पुन्हा मोजा. बहुतेकजण इथे स्वतःला सूट देतात आणि मॅचच्या तिसऱ्या स्टेजवर हात वर करून उभे राहतात.

चेंबरना मार्करने क्रमांक देऊन टेकणावरून २५ यार्डांवर गट पाडा. एकच चेंबर सतत बाहेर मारत असेल तर दोष त्याच्या तोंडात किंवा टायमिंगमध्ये असतो, तुमच्या हातात नाही.

जोरकस काडतुसे असतील तर आठातल्या सात झाडा आणि आठवे न झाडलेले काडतूस काढून त्याची लांबी मोजा. धक्क्याने बुलेट पुढे सरकली असेल तर क्रिंप (पुंगळीच्या तोंडाची बुलेटवरची पकड) कमी पडतो. ती आणखी पुढे आली तर सिलिंडरबाहेर डोकावून त्याला जाम करेल.

सिलिंडर अचानक जड फिरू लागला तर आधी चांदणीखाली पाहा. न जळलेल्या दारूचा एक कण तिथे अडकला तरी काडतुसे मागे उचलली जातात आणि मागच्या पाट्याला घासतात. दोन स्टेजच्या मध्ये, जिथे हत्यार हाताळायला परवानगी आहे तिथे, नळी वर धरून सिलिंडर उघडा आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने चांदणीचा खालचा भाग झाडा. तेल तिथे अजिबात नको, कण तेलाला चिकटतात.

पिशवीत जादा फायरिंग पिन, मेनस्प्रिंग, रिबाउंड स्प्रिंग, साइडप्लेटच्या (फ्रेमच्या बाजूच्या झाकणाच्या) स्क्रूंना नेमके बसणारे स्क्रूड्रायव्हर, थ्रेडलॉकर आणि फायबरच्या काड्या ठेवा. मेनस्प्रिंग एक पायरी जड ठेवा, म्हणजे प्रायमरचा डबा ऐन वेळी बदलावा लागला तरी स्पर्धा सोडावी लागत नाही.